ठाणे–नवी मुंबई पोलिसांच्या गैरवर्तनापोटी सरकारने दिलेली भरपाई: माहिती अधिकारात ती कशी मागायची

प्रश्न असा आहे: ठाणे आणि नवी मुंबई आयुक्तालयांतल्या पोलिसांनी केलेली मारहाण, बेकायदा अटक, कोठडीतला मृत्यू यांपोटी गेल्या पाच वर्षांत सरकारने एकूण किती नुकसानभरपाई दिली, आणि त्यातली किती दोषी पोलिसांकडून वसूल झाली, हे माहितीच्या अधिकारात कसं मागायचं?

आधी निष्कर्ष सांगतो. अर्जात ‘गैरवर्तन’ हा शब्दही नको. गैरवर्तनाची माहिती मागितली की अर्ज विभागीय चौकशीच्या टेबलावर जातो आणि तिथून ‘वैयक्तिक माहिती’ असा शेरा मारून परत येतो. तुम्ही देयक मागा. सरकारी तिजोरीतून गेलेल्या प्रत्येक रुपयामागे मंजुरीचा आदेश, बिल (देयक) आणि कोषागाराचा प्रमाणक (व्हाउचर) क्रमांक असतोच, आणि लोकांच्या पैशाचा हिशोब नाकारायला अधिकाऱ्याजवळ फारशी कलमं नसतात.

परदेशातल्या बातम्यांत अमुक शहराने पोलिसांच्या वतीने तडजोड करून इतके कोटी मोजले असं वाचायला मिळतं. तिथे पोलीस बहुधा शहराचे नोकर असतात आणि पैसाही शहर मोजतं. आपल्याकडे पोलीस राज्य सरकारचे. त्यामुळे ठाणे महापालिका किंवा नवी मुंबई महापालिकेकडे असा अर्ज टाकून काही हाती लागत नाही. तसंच आपल्याकडे न्यायालयाबाहेर तडजोड करून पैसे देण्याची रीत जवळजवळ नाही, म्हणून ‘तडजोडींची यादी द्या’ म्हटलं तर खरोखरच ‘निरंक’ उत्तर येईल, आणि ते खोटंही नसेल. इथे पैसे जातात ते कुणाच्या तरी आदेशावरून.

असे आदेश मुख्यतः तीन ठिकाणांहून येतात. पहिलं, मुंबई उच्च न्यायालय. रुदुल साह (१९८३) आणि नीलाबती बेहेरा (१९९३) या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांनंतर मूलभूत हक्क पायदळी तुडवले गेले तर रिट याचिकेतच भरपाई देता येते हे पक्कं झालं. दुसरं, महाराष्ट्र राज्य मानवी हक्क आयोग. मानवी हक्क संरक्षण अधिनियम, १९९३ च्या कलम १८ खाली तो भरपाईची शिफारस करतो आणि सरकारने महिन्याभरात, किंवा आयोगाने वाढवून दिलेल्या मुदतीत, काय कारवाई केली ते कळवायचं असतं. तिसरं, दिल्लीचा राष्ट्रीय मानवी हक्क आयोग. कोठडीतल्या मृत्यूंची खबर २४ तासांत आयोगाला द्यावी अशी त्याची १९९३ पासूनची सूचना आहे, त्यामुळे अशी बरीच प्रकरणं तिकडे आपोआप नोंदली जातात. विनाकारण अटकेबद्दल दंडाधिकारी देऊ शकतात ती रक्कम जास्तीत जास्त १,००० रुपये. जुन्या फौजदारी संहितेत ते कलम ३५८ होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेत ३९९. रक्कम इतकी किरकोळ की तिच्यामागे वेळ घालवू नका. राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाचा भर शिस्तभंगाची कारवाई आणि गुन्हा नोंदवण्याच्या शिफारशींवर असतो, म्हणून पैशांच्या शोधात तेही बाजूला ठेवा.

आदेश आला की पुढचा प्रवास ठरलेला आहे. फाइल मंत्रालयात गृह विभागाकडे जाते. विधी व न्याय विभागाचं मत घेतलं जातं. आव्हान द्यायचं नाही असं ठरलं तर गृह विभाग शासन निर्णय काढून रक्कम मंजूर करतो. त्या शासन निर्णयाचा शेवटचा परिच्छेद तुमच्या कामाचा. त्यात ‘सदर खर्च मागणी क्रमांक बी-१, प्रधान लेखाशीर्ष २०५५ पोलीस…’ अशी ओळ असते आणि कोणता आहरण व संवितरण अधिकारी पैसे काढणार तेही लिहिलेलं असतं. रक्कम आधी शासनाने द्यावी आणि नंतर दोषींकडून वसूल करावी असा आदेश असेल तर तोही तिथेच सापडतो. मग आयुक्तालयाची लेखा शाखा देयक बनवते, ते कोषागारात जातं, पीडिताच्या किंवा वारसाच्या खात्यात रक्कम पडते. आयोगाचं प्रकरण असेल तर पैसे दिल्याचा पुरावा आयोगाला पाठवल्याशिवाय प्रकरण बंद होत नाही. म्हणजे एकाच रकमेचे कागद तीन-चार दफ्तरांत असतात. एकाने हात झटकले तर दुसरीकडे मागता येतात.

अर्ज लिहायला बसण्यापूर्वी एक संध्याकाळ फुकटच्या शोधात घालवा. महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर शासन निर्णयांचा शोध आहे. तिथे विभाग ‘गृह’ निवडा आणि वेगवेगळ्या शब्दांनी शोधा: नुकसान भरपाई (जोडून आणि तोडून, दोन्ही), आर्थिक साहाय्य, अंतरिम मदत, मानवी हक्क आयोग, कोठडी मृत्यू. कारकून शीर्षकात कोणता शब्द घालेल याचा नेम नसतो. उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर निकाल मोफत मिळतात. राष्ट्रीय आयोगाच्या संकेतस्थळावर प्रकरण क्रमांकावरून सद्यस्थिती दिसते. त्या क्रमांकात राज्याचा संकेतांक असतो, महाराष्ट्राचा १३. शेवटी ‘पीसीडी’ असेल तर पोलीस कोठडीतला मृत्यू, ‘जेसीडी’ असेल तर न्यायालयीन कोठडीतला. संसदेत गृह मंत्रालयाने दिलेल्या उत्तरांत आयोगाने शिफारस केलेल्या रकमा राज्यवार मिळतात. त्यात ठाणे वेगळं दिसत नाही, पण पुढे आकडे पडताळायला ते उपयोगी पडतं. हातात एक-दोन खरे शासन निर्णय असले की ‘अशी माहिती आमच्याकडे नाही’ हे उत्तर द्यायला समोरचा कचरतो.

आता अर्ज कुणाकडे. इथे ठाणेकरांची फार फसगत होते, कारण जिल्हा एक आणि पोलीस चार-पाच. ठाणे शहर आयुक्तालयात ठाण्याबरोबर कळवा-मुंब्रा, भिवंडी, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, बदलापूर हा पट्टा येतो. मुरबाड, शहापूर आणि भिवंडीचा ग्रामीण भाग ठाणे ग्रामीण अधीक्षकांकडे. मिरा-भाईंदर १ ऑक्टोबर २०२० पासून वसई-विरारसोबत वेगळं आयुक्तालय झालं. त्याआधीची मिरा रोडची प्रकरणं ठाणे ग्रामीणच्या दफ्तरात असायची, म्हणून जुन्या वर्षांसाठी दोन्हीकडे विचारा. नवी मुंबई आयुक्तालय बेलापूरला, आणि त्याची हद्द वाशी-ऐरोलीपुरती नाही. पनवेल, उरणही त्यातच, म्हणजे रायगड जिल्ह्याचा तुकडाही. रेल्वे स्थानकावर झालेली मारहाण किंवा कोठडी मृत्यू यांपैकी कुणाचाच नाही. ठाणे, कल्याण, वाशी, पनवेल इथली लोहमार्ग पोलीस ठाणी मुंबई लोहमार्ग आयुक्तांच्या हाताखाली आहेत. रेल्वे सुरक्षा दल तर केंद्राचं, तिथे केंद्रीय पोर्टलवरून अर्ज. ठाणे, कल्याण किंवा तळोजा कारागृहात मृत्यू झाला असेल तर पैसे कारागृह विभागाच्या खात्यातून जातात, मग आधी मारहाण पोलिसांनीच केलेली का असेना. कारागृहातल्या अनैसर्गिक मृत्यूसाठी ५ लाख आणि आत्महत्येसाठी १ लाख असं धोरण मंत्रिमंडळाने एप्रिल २०२५ मध्ये मंजूर केलं. त्या रकमा पोलिसांच्या यादीत मिसळू देऊ नका.

म्हणून एकाच वेळी चार अर्ज टाका: गृह विभाग (मंत्रालय), संबंधित आयुक्तालय, राज्य मानवी हक्क आयोग आणि राष्ट्रीय आयोग. पोलीस ठाण्यांकडे अर्ज नको. आयुक्तालयाच्या अर्जातही ‘सर्व पोलीस ठाण्यांची माहिती’ असे शब्द चुकूनही घालू नका. घातलेत की जन माहिती अधिकारी कलम ६(३) दाखवून अर्ज प्रत्येक ठाण्याकडे ढकलतो आणि पुढचा महिनाभर पोस्टमन ‘निरंक’ची पत्रं आणून देतो. ती खोटी नसतात. पोलीस ठाणं भरपाई देतच नाही, देते ती आयुक्तालयाची लेखा शाखा.

महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज जोडपत्र ‘अ’ मध्ये, एकाच विषयावर आणि सामान्यतः १५० शब्दांत हवा. दोन विषय घातलेत तर पहिल्याचंच उत्तर द्यायची मुभा अधिकाऱ्याला आहे. आयुक्तालयासाठी मजकूर असा बसतो:

‘विषय: पोलिसांच्या कृतीबद्दल अदा केलेल्या नुकसानभरपाईची देयके, ०१/०४/२०२० ते ३१/०३/२०२५.

मा. उच्च न्यायालय, राज्य मानवी हक्क आयोग किंवा राष्ट्रीय मानवी हक्क आयोग यांच्या आदेश अथवा शिफारशीनुसार आपल्या आयुक्तालयाच्या आहरण व संवितरण अधिकाऱ्याने वरील कालावधीत पीडित व्यक्तीस किंवा वारसांस अदा केलेल्या रकमांबाबत पुढील कागदपत्रांच्या प्रती द्याव्यात:
१. प्रत्येक प्रकरणातील मंजुरीचा शासन निर्णय वा आदेश.
२. देयकाचे पहिले पान, कोषागार प्रमाणक क्रमांक व दिनांकासह.
३. दोषींकडून वसुलीचा आदेश असल्यास त्याची प्रत, आणि वसूल रकमेचे चलन वा वेतन देयकातील वजातीची नोंद.
४. मानवी हक्क आयोगाच्या प्रकरणांच्या नोंदवहीची वरील कालावधीची पाने.
पीडितांची नावे, पत्ते व बँक तपशील कलम १० प्रमाणे झाकावेत. मोटार अपघात न्यायाधिकरणाचे निवाडे आणि पोलिसांच्या वारसांना दिलेले सानुग्रह अनुदान यात नको. मूळ नस्ती पाहावयाची आहे, वेळ कळवावी.’

यातली प्रत्येक ओळ कशासाठी आहे ते सांगतो, म्हणजे तुमच्या प्रकरणाप्रमाणे फिरवता येईल. कालावधी आर्थिक वर्षात, कारण लेखा शाखेच्या वह्या १ एप्रिलला उघडतात आणि ३१ मार्चला मिटतात. ‘किती’, ‘का’, ‘कोणावर कारवाई केली’ असे प्रश्न टाळून प्रती मागितल्या आहेत. अधिकाऱ्याने माहिती नव्याने तयार करायची नसते, असलेली द्यायची असते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये आदित्य बंदोपाध्याय प्रकरणात सांगितलं आहे. ‘एकत्रित स्वरूपात उपलब्ध नाही’ हे उत्तर तिथूनच जन्मतं. प्रती मागितल्या की ती वाट बंद. पीडितांची नावं स्वतःहून झाकायला सांगितल्याने नकाराचं सर्वांत सोपं कारण आधीच काढून घेतलं जातं, आणि ते योग्यही आहे, कारण ज्या बाईला कोठडीत छळलं तिचं नाव गावभर करायचा हक्क आपल्याला नाही. मोटार अपघात आणि सानुग्रह वगळायचं कारण आकड्यांची भेसळ. पोलीस गाडीने कुणाला उडवलं तर न्यायाधिकरण ठरवेल ती भरपाई, आणि कोविडमध्ये गेलेल्या पोलिसांच्या घरच्यांना मिळालेले ५० लाख, दोन्ही ‘मदत’ म्हणून बेरजेत घुसले की गैरवर्तनाचा आकडा फुगून हास्यास्पद होतो. मग कुणीतरी तेवढ्यावरून तुमची सगळी मांडणी खोडून काढतो.

गृह विभागाच्या अर्जात शासन निर्णयांच्या प्रती आणि आयोगाला पाठवलेले कारवाई अहवाल मागा. विधी विभागाचं मत मागू नका, त्यावरून वाद लागेल आणि बाकीचंही अडकेल. राज्य आयोगाकडे ठाणे आणि नवी मुंबई आयुक्तालयांविरुद्धच्या ज्या प्रकरणांत कलम १८ खाली भरपाईची शिफारस झाली त्यांचे अंतिम आदेश मागा. राष्ट्रीय आयोगाकडे ‘पैसे दिल्याचा पुरावा’ असलेली पानं मागा.

शुल्क १० रुपये. राज्याच्या कार्यालयात कोर्ट फी स्टॅम्पच लावा. ठाण्यात कोर्ट नाक्यावर आणि बेलापूरला न्यायालयाजवळ मुद्रांक विक्रेत्यांकडे तो मिळतो. पोस्टल ऑर्डर दिल्लीच्या आयोगाला चालेल, इथे ती परत येण्याचा धोका. मंत्रालयाचा अर्ज राज्याच्या आरटीआय ऑनलाइन पोर्टलवरून करणं सोयीचं. आयुक्तालयाचा अर्ज हाताने दिलात तर आवक कक्षात दुसऱ्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घेतल्याशिवाय हलू नका. पुढची सगळी मुदत त्या तारखेवर मोजली जाते. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला दाखला जोडल्यावर शुल्क नाही. प्रती २ रुपये पान. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर कलम ७(६) प्रमाणे माहिती मोफत मिळायला हवी. मुदत उलटल्यावर पैसे भरायचं पत्र आलं तर भरू नका, हे कलम लिहून कळवा.

नस्ती, म्हणजे फाइल, पाहायला बोलावलं तर नक्की जा. पहिला तास मोफत असतो. नस्तीत दोन बाजू असतात, पत्रव्यवहार आणि टिप्पणी. टिप्पणीची बाजू आधी उघडा. वसुलीचा विषय कुणी उचलला, कुणी ‘विभागीय चौकशीचा निकाल येईपर्यंत प्रलंबित’ असा शेरा मारला, कितीदा स्मरणपत्रं गेली, हे सगळं तिथे सही-तारखेनिशी असतं. छायाप्रतीच्या गठ्ठ्यात हीच पानं नेमकी राहून जातात. हव्या त्या पानांचे क्रमांक लिहून तिथेच प्रती मागा.

आता नकार. सर्वांत जास्त येणारं कलम ८(१)(ञ), इंग्रजी प्रतीतलं (j), वैयक्तिक माहिती. २०१२ च्या गिरीश देशपांडे निकालापासून शिस्तभंगाच्या नोटिसा आणि शिक्षांचे आदेश या कलमाखाली झाकले जातात. त्यात भर म्हणजे वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने केलेली दुरुस्ती १४ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. पूर्वी या कलमातच ‘व्यापक सार्वजनिक हित’ आणि ‘विधिमंडळाला नाकारता येत नाही ते नागरिकालाही नाही’ अशा दोन खिडक्या होत्या. त्या दोन्ही गेल्या. कलम ८(२) मात्र शाबूत आहे: जपायच्या हितापेक्षा सार्वजनिक हित मोठं असेल तर माहिती देता येते. म्हणून जुन्या नमुन्यांतला युक्तिवाद तसाच उतरवू नका. अपिलात लिहा की मागितलं आहे ते एकत्रित निधीतून झालेल्या खर्चाचं देयक, कुणाची सेवापुस्तिका नाही. ८(२) चा आधार घ्या, आणि नावं कलम १० खाली झाकून पदनाम आणि रक्कम ठेवायला सांगा. हवालदार की वरिष्ठ निरीक्षक एवढं कळलं तरी बहुतेक कामांना पुरतं.

दुसरं कलम ८(१)(ज), इंग्रजी प्रतीतलं (h), तपासात अडथळा. तपास चालू आहे एवढं म्हणून भागत नाही, माहिती दिल्याने तो कसा अडेल ते अधिकाऱ्याने दाखवायचं असतं. दिल्ली उच्च न्यायालयाचा २००७ चा भगतसिंग निकाल इथे उपयोगी पडतो. आणि पैसे देऊन झालेल्या प्रकरणात देयकाची प्रत तपास कसा अडवणार, हा साधा प्रश्न अपिलात विचारा. तिसरं, कलम २४ ची सूट, गुप्तवार्तेसारख्या यंत्रणांसाठी. मानवी हक्कभंगाच्या आरोपाची माहिती त्या सुटीतून त्याच कलमाने बाहेर काढली आहे. मात्र तिथे माहिती आयोगाची मान्यता लागते आणि मुदत ४५ दिवसांची असते.

चौथं उत्तर सगळ्यात चिवट: ‘अभिलेख नष्ट केले.’ सरकारी दफ्तराचे अ, ब, क-१, क, ड असे वर्ग असतात. अ कायम, ब ३० वर्षं, क-१ १० वर्षं, क ५ वर्षं, ड एक वर्ष. नवा अर्ज टाकून विचारा: ही नस्ती कोणत्या वर्गात होती, कधी नष्ट केली, नष्ट केल्याच्या यादीची प्रत द्या. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ प्रमाणे मनाला येईल तसं दफ्तर जाळता येत नाही. बऱ्याचदा या अर्जानंतर नस्ती ‘सापडते’.

पहिलं अपील ३० दिवसांत, जोडपत्र ‘ब’, २० रुपयांचा स्टॅम्प, त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे. त्या वरिष्ठाचं नाव उत्तराच्या पत्राखाली असायला हवं, नसेल तर तोही अपिलाचा मुद्दा. निकाल ३० दिवसांत, कारणं नोंदवून जास्तीत जास्त ४५ दिवसांत. दुसरं अपील ९० दिवसांत, जोडपत्र ‘क’, पुन्हा २० रुपये. ठाणे आणि नवी मुंबईच्या कार्यालयांसाठी राज्य माहिती आयोगाचं कोकण खंडपीठ, बेलापूरच्या कोकण भवनात. मंत्रालयाच्या नकाराविरुद्ध मुंबईला जावं लागतं आणि राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या नकाराविरुद्ध केंद्रीय माहिती आयोगाकडे. सुनावणी लवकर लागेल या भरवशावर काही आखू नका. रागाच्या भरात माहिती अधिकार कायद्याच्या कलम १८ ची तक्रार करणारे खूप असतात. तिथे दंड होऊ शकतो, दिवसाला २५० रुपये, कमाल २५,०००. पण माहिती द्यायचा आदेश त्या वाटेने मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या मणिपूर प्रकरणात स्पष्ट केलंय. कागद हवे असतील तर कलम १९(३) चं अपीलच करा, आणि दंडाची मागणी त्यातच घाला.

कागद हाती आल्यावर बेरीज करताना प्रत्येक प्रकरणासाठी चार आकडे वेगळे ठेवा: आदेशित, मंजूर, अदा, वसूल. शिफारस झाली पण सरकार उच्च न्यायालयात गेलं, तर पहिला आकडा आहे आणि बाकी तीन शून्य. अंतरिम मदत आधी दिली आणि अंतिम आदेशात ती वजा केली, तर एकच रक्कम दोनदा मोजली जाते. हा घोळ नेहमीचा. म्हणून बेरीज प्रमाणक क्रमांकावरून करा, प्रकरणाच्या नावावरून नको. गृह विभागाचा शासन निर्णय मार्चमधला आणि देयक जूनमधलं असेल तर वर्ष बदलतं, त्यामुळे दोन कार्यालयांच्या बेरजा जुळल्या नाहीत म्हणून लगेच लबाडीचा आरोप करू नका.

वसुलीचा रकाना बहुतेक रिकामाच येईल. त्याचं कारण नियमांत आहे. पगारातून वसुली ही पोलीस शिक्षा व अपील नियम, १९५६ प्रमाणे स्वतःच एक शिक्षा आहे, म्हणजे तिच्यासाठी आधी विभागीय चौकशी हवी. चौकशी रेंगाळते आणि तोवर माणूस निवृत्त होतो. निवृत्तिवेतन नियम, १९८२ च्या नियम २७ खाली निवृत्तीनंतर नवी चौकशी चार वर्षांपेक्षा जुन्या घटनेबद्दल सुरू करता येत नाही. म्हणून रकाना रिकामा आला तर पुढचा अर्ज लगेच टाका, फक्त त्या प्रकरणांपुरता: विभागीय चौकशीचा आदेश कोणत्या तारखेला काढला, आणि संबंधितांची निवृत्तीची तारीख कोणती, नावाशिवाय, पदनामासह. या दोन तारखा शेजारी ठेवल्या की वसुली नियमामुळे हुकली की मुद्दाम हुकवली ते कळतं. आणि चौकशी निवृत्तीआधीच सुरू झालेली असेल तर ती अजून संपवता येते, हे मानवी हक्क आयोगाला कळवायला तुमच्याकडे कागद असतो.